दाराआडच्या आईचा फोटो

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा हसत आलेय. घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा, पिंपळावरचा मुंजा, विहिरीतनं येणारा पैंजणांचा आवाज... मनात म्हणायचे, लोकांना कामधंदे नाहीत. मी फोटोचं काम करते. सांगलीत, घरीच, दोन मोठे स्क्रीन लावून. इकडचे आणि साताऱ्याकडचे लग्नाचे फोटोग्राफर मला फोटो पाठवतात आणि मी ते सुधारून देते. दिवसभर माणसांची तोंडं मोठी करून बघणारी बाई मी. आमच्या फोटोत मागं कुणीतरी उभं आहे हो, असं म्हणत लोक घाबरून येतात. मग मी त्यांना दाखवते, की बाबा, हा फ्लॅशचा डाग, हा मांडवाचा खांब आणि ही आरशातली तुझीच बहीण. "असलं काही नसतं" हे वाक्य तुमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त वेळा मी बोललेली आहे.

आता जे सांगतेय ते माझ्या आईच्या फोटोचं आहे. सांगताना मला राग येणार आहे. भाषा कुठं घसरली तर घसरू द्या, ॲडमिननी कापाकापी करू नये.

माझं माहेर कडेगाव तालुक्यात. वडील फौजेत होते. मी पहिलीत असताना गेले, आणि आईचं कपाळ त्या दिवशी जे पुसलं ते पुसलंच. बांगड्या गेल्या, हिरवी साडी गेली, हळदीकुंकवाची बोलावणी गेली. संक्रांतीला गल्लीतल्या बाया आमच्या दारावरनं सरळ पुढच्या घरी जायच्या. घरात कारभार थोरल्या चुलत्यांचा, नाना म्हणतो आम्ही त्यांना. नाना वाईट माणूस नाहीत असं सगळं गाव सांगेल. त्यांनी आम्हाला सांभाळलं, मला कॉलेजपर्यंत शिकवलं, आमच्या वाटणीचा ऊस स्वतःच्या उसासारखा बघितला. त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडते. पण माझ्या आईनं कुठं उभं राहायचं हे ठरवायचा हक्क त्यांना कुणी दिला होता, ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्या हळदीचा दिवस सांगते. अंगणात मांडव, भर दुपारचं ऊन. सगळ्या मांडवाचं जेवण आईनं रांधलं, पण हळदीच्या ताटाला तिनं हात लावायचा नाही. मी पाटावर बसले, सवाष्णी हळद लावायला आल्या आणि आई दिसेना. बघते तर माजघराच्या दारात, आतल्या बाजूला, अंधारात उभी.

मी ओरडले, "आई, ये की भाईर!"

नाना म्हणाले, "वैशाली, शुभकार्य हाय. गप बस."

मी पाटावरनं उठायला लागले, तर आईच म्हणाली, "न्हाई बाई, बस तू. तुझं चांगलं हूं दे. मला हितनं दिसतंय समदं."

त्यावर बायका आईचं नाव घेऊन एकमेकींना म्हणाल्या, शालन किती समजूतदार बघा! समजूतदार म्हणे. मी भर हळदीत रडले, आणि अल्बम बघणाऱ्यांना वाटतं माहेर सुटणार म्हणून रडतेय.

विट्याचा दत्ता आमचा फोटोग्राफर होता. त्यानं नेमका तेव्हा एक फोटो काढला. पुढं मी हळदीनं माखलेली, आजूबाजूला बायका, आणि मागं ते दार. कॅमेरा त्यानं मांडवातल्या उन्हाच्या उजेडाला जुळवलेला, त्यामुळं दाराच्या आतली आई म्हणजे नुसता काळा आकार. पदर कळतो, खांदा कळतो, तोंडाच्या जागी डांबर ओतल्यासारखं. अल्बममध्ये मी हा फोटो घेऊच दिला नव्हता.

लग्नाला काही वर्षं झाल्यावर आई मिरजेच्या दवाखान्यात वारली. शेवटी शेवटी बोलायला दम लागायचा. एका सकाळी माझा हात धरून म्हणाली, "वैशे, माझा फोटो तुझ्या बापाच्या शेजारी लाव. पर तोंड दिसंल असा लाव." जन्मभर जिनं फोटो म्हटलं की पदर ओढला आणि तोंड फिरवलं, तिची ही एकच मागणी. मी हो म्हणाले. ती गेल्यावर शोधायला बसले तर तिचा धड फोटोच नाही! एक आधार कार्डावरचा, तो बघून माणूस ओळखायची सोय नाही. दुसरे दवाखान्यातले, नाकात नळी घातलेले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मला रेखावैनीचा फोन आला. रेखावैनी म्हणजे नानांची सून. तिचा नवरा, माझा चुलतभाऊ, मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासनं तीही आईसारखीच मागच्या दारानं ये-जा करणारी. ती हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, मामंजींनी दुकानातनं फोटो करून आणलाय. तुमी एकदा बगा." आणि तिनं व्हॉट्सॲपवर पाठवला.

मी तो मोठा करून बघितला. आधारवरचं डोकं कापून एका तयार धडावर बसवलेलं. आमच्याकडं ही पद्धतच आहे... गेलेल्या बाप्याला फेटा आणि शाल, गेलेल्या बाईला कुणाचं तरी अंग आणि काठाची साडी. वरनं तोंड कसल्यातरी ॲपमधनं काढलेलं. एक सुरकुती नाही, गोरीपान, ओठ गुलाबी. आणि कपाळ घासूनपुसून स्वच्छ. ही बाई कोण? शेजारी माझ्या बापाचा युनिफॉर्ममधला फोटो, आणि त्याच्या बाजूला ही परकी बाई आयुष्यभर टांगायची?

मी नानांना फोन लावला. म्हटलं, "नाना, ही माझी आई न्हाई."

"आगं, जरा उजळ केलीया. चांगली दिसती की."

"आई सावळी होती. तिला सावळीच लावायची. फोटो मी करणार."

"कर. तुझं कामच हाय ते. पर भित माझ्या घराची हाय, ध्यानात ठेव."

त्याच दिवशी दत्ताकडनं ती हळदीची मूळ फाईल मागवली. भला माणूस, जुनी हार्डडिस्क शोधून पाठवली बिचाऱ्यानं.

आता कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. फोटो काळा आला की लोकांना वाटतं ब्राइटनेस वाढवला की झालं. तसं केलं की अंधारातलं माणूस धुरकट राखाडी होतं आणि उन्हातली माणसं पांढरी फटक पडतात. म्हणून सगळ्या फोटोला एकदम हात लावायचा नसतो. छोटे छोटे भाग धरायचे आणि त्या भागापुरताच उजेड-अंधारातला फरक वाढवायचा. लोकल कॉन्ट्रास्ट म्हणतात त्याला. गालाची तुलना गालाशी, पदराची पदराशी. हळूहळू नाकाची कड येते, डोळा येतो. पण त्या जागी कॅमेऱ्यानं मुळात काहीतरी टिपलेलं पाहिजे. जिथं काहीच टिपलं नाही तिथं ठिपक्याच्या रंगांचे आकडे लाल शून्य, हिरवा शून्य, निळा शून्य. शून्यातनं काय काढणार, डोंबल?

मी आधी आकडे बघितले. गालाला थोडं होतं, डोळ्यांना थोडं, हनुवटीला बऱ्यापैकी. कपाळ मात्र पदराच्या सावलीत, पार शून्य. म्हटलं ठीक आहे, कपाळ काळं राहू दे. पदराची सावली म्हणून खपून जाईल. तोंड दिसलं पाहिजे, एवढंच तिनं मागितलं होतं.

रविवारची दुपार होती. नवरा शेजारच्या खोलीत क्रिकेट बघत होता. मी सावकाश काम करत गेले. पहिल्यांदा हनुवटी आली, मग मिटलेले ओठ आले. मग डोळे आले आणि माझा हात माऊसवरच थांबला.

आई रागात होती.

मला वाटलं होतं ती रडत असेल. नाहीतर लेकीकडं बघून हसत असेल. जिच्या तोंडातनं जन्मात ब्र निघाला नाही, ती बाई दाराच्या आतनं सगळ्या मांडवाकडं असं बघत होती, की मी मांडवात असते तर खाली मान घातली असती. मीच होते की मांडवात! पण फोटोच्या क्षणी माझी पाठ होती तिकडं. म्हणे समजूतदार. म्हणे मला हितनं दिसतंय समदं. हो, दिसत होतं ना तिला. फोटोत तिच्याकडं एकानंही वळून बघितलेलं नव्हतं. मी तिथंच ढसाढसा रडले. इथपर्यंत अमानवीय काही नाही. डोळ्यांच्या जागी आकडे होते, ते वर आले.

नवरा आवाज ऐकून आला. स्क्रीनकडं वाकून बघत म्हणाला, "आईंनी कुंकू लावलेलं मी कधी बघितलं नव्हतं."

मी म्हटलं, कुठलं कुंकू?

त्यानं बोट दाखवलं. कपाळावर, जिथं शून्य होतं तिथं, मोठं कुंकू. चिरी नाही, टिकली नाही... अंगठ्यानं दाबून लावलेलं गोल कुंकू, खालची कड जरा ओघळलेली. मी डोळ्यांत एवढी गुंतले होते की माझं लक्षच गेलं नव्हतं.

पहिल्यांदा मी स्वतःलाच शिव्या घातल्या. अंधार ओढून वर काढला की लाल-हिरवे दाणे येतात, तसलं काहीतरी असणार. पण दाणे सगळ्या कपाळभर येतात, गोल होऊन भुवयांच्या मध्ये बसत नाहीत. सगळं पुसून पुन्हा मूळ फाईल उघडली. कपाळ शून्य. पुन्हा पहिल्यापासनं केलं. कुंकू. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, कुंकू. कपाळाला हातही न लावता नुसते गाल वर काढले... तरी कुंकू. शेवटी मी ओरडले स्क्रीनवर, काय चाललंय काय हे! नवऱ्यानं टीव्ही बंद केला.

दत्ताला फोन केला. काही न सांगता म्हटलं, तुझ्याकडं ती फाईल आहे तर तू तुझ्या मशीनवर उजळून बघ. तासाभरात त्याचा फोन आला. "ताई, मूळ फाईलमदी त्या जागी कायच न्हाई. आन् उजळली की तुमच्या आईंच्या कपाळावर कुंकू येतंय. मी दुकानाच्या भाईर यिऊन थांबलोय."

मग मी अक्कल वापरली. म्हटलं, त्या दिवशी आत कुणीतरी लावलं असेल तिला. निदान तेवढं तरी झालं असेल. रेखावैनीला विचारलं, कारण हळदीच्या वेळी ती आईच्या मागंच होती. तेव्हा वैनीचा नवरा जिवंत होता, तिचं कपाळ भरलेलं होतं. वैनी म्हणाली, "न्हाई वन्सं. मी लावते म्हणलं व्हतं. त्यांनी माजा हात धरला. कपाळ कोरडंच व्हतं, माज्या डोळ्यांदेखत."

मी आईपुरता तो फोटो कापून तसाच नानांना पाठवला. कुंकवासकट. का लपवू? लगेच फोन आला.

"वैशाली, ही काय थट्टा हाय?"

"मी काय केलं न्हाई नाना. तसाच आलाय फोटो."

"मला शिकवू नगं. तुमी लोकं काय बी करताय त्या कंप्युटरवर. रांडाव बाईच्या फोटूला कुंकू? लोकं तोंडात शेण घालतील माज्या. पुसून दे ते."

मी म्हटलं, "तिचं एकदा पुसलं ते बास झालं. मी न्हाई पुसणार." आणि फोन आपटला.

नानांनी मग तोच फोटो कडेगावच्या त्या दुकानात नेला, समोर बसून कुंकू काढून घेतलं, प्रिंट बघितली, फ्रेम बसवून घेतली. हे मला वैनीनं सांगितलं. दुकानदारानं फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून दोरी बांधून दिली आणि ती वर्षश्राद्धापर्यंत नानांच्या कपाटात होती. मी गावाकडं गेले ते भांडायच्या तयारीनंच गेले. माझ्याकडची प्रिंट पिशवीत होती. म्हटलं, सगळ्यांसमोर त्यांची काढीन आणि माझी लावीन, बघू कोण आडवं येतं.

वर्षश्राद्धाला घर भरलेलं. सकाळचं ऊन सोप्यात आलेलं. भजन झालं, पाहुणे बसले, काकी हार घेऊन उभी. काकी म्हणजे नानांची बायको, आईची थोरली जाऊ. दोघींनी सगळा जन्म एका चुलीवर काढला. नानांनी स्वतः दोरी सोडली, कागद काढला आणि फ्रेम वडिलांच्या शेजारच्या खिळ्याला अडकवली. अडकवून मागं सरले आणि तिथंच थांबले.

कपाळावर कुंकू होतं. तेच, खालून ओघळलेलं.

मग नाना माझ्यावर आले. "तू केलंस! तू दुकानदाराला फितवलंस!" मी आईची शपथ घेऊन सांगते, मी त्या दुकानाची पायरीसुद्धा चढले नव्हते. दुकानदार जेवायला आलेलाच होता. तो पुढं झाला, फ्रेम बघितली, आणि घाबऱ्या घाबऱ्या मोबाईलमधली फाईल दाखवायला लागला. तीत कपाळ कोरडं होतं. "नाना, तुमच्यासमोर छापली की वो ही. तुमीच न्हाई का बगितली?" बघितली होती त्यांनी.

आणि मग काय झालं असेल? माझ्या मनात होतं आता भांडण पेटणार. भांडण कसलं! एक म्हातारी उठली आणि तिनं फोटोला हात जोडले. दुसरी उठली. कुणीतरी म्हणालं, शालन पुण्यवान, नवऱ्यानंच येऊन लावलं बघा. कुणी म्हणालं, देवीरूप झाली. ज्या बाया संक्रांतीला आमचं दार टाळून जायच्या त्याच रांगेत उभ्या! काकीनं आतनं हळदीकुंकवाचं ताट आणलं, अंगठा कुंकवात बुडवला आणि फोटोच्या काचेवर लावायला हात उचलला.

मी तिचं मनगट धरलं. अशी ओरडले की दारातली पोरं मागं सरकली.

"आवं काकी, काचेला काय लावताय! ती जिती व्हती तवा कुठं गेला व्हता ह्यो अंगठा? तुमच्या शेजारी भाकरी थापत व्हती ती! रोज! लय लांब व्हतं काय कपाळ? आता हात जोडताय व्हय सगळ्या? लाज वाटत न्हाई? फोटूला न्हाई लावायचं कुणी. माझ्या आईला लावायचं व्हतं!"

काकीच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि अंगठा तसाच वर होता, लाल. मी मनगट सोडलं. मला वाटलं ताट ठेवून आत जाईल. ती वळली आणि माजघराच्या दाराकडं गेली. दारात आतल्या बाजूला रेखावैनी उभी होती, हातात पत्रावळ्या घेऊन.

वैनी मागं सरली, सासूला म्हणाली, "आत्या, नगं... मामंजी बगत्यात."

"बगू देत," काकी म्हणाली. "लावू का तुला? तुजी विच्छा आसंल तर."

वैनीनं पत्रावळ्या खाली ठेवल्या. मग तिनं पदर मागं केला आणि कपाळ पुढं केलं. काकीनं अंगठा दाबून कुंकू लावलं, आणि तिच्या हाताला धरून सोप्यात, सगळ्या माणसांत आणून बसवली. कुणी उठून गेलं नाही. नाना तेवढे टोपी घालून उसाकडं निघून गेले. संध्याकाळी परत आले आणि जेवायला बसले. वाढलं वैनीनंच, कुंकवासकट. फोटो अजून तिथंच आहे.

आता तुमच्या कमेंट येणार, मला माहीत आहे. सेन्सरचा दोष असेल, फाईल करप्ट असेल, वैशालीताई तुमच्या मनाचे खेळ. सगळं करून झालंय. कामातल्या तीन-चार ओळखीच्या लोकांना मूळ फाईल दिली, सगळ्यांकडं तेच आलं. नानांच्या प्रिंटचं तर कुणी नावच काढत नाही. माझ्याकडं उत्तर नाही, आणि खरं सांगते, ते मी शोधतही नाही. मला दुसरं एक विचारायचंय. माझी आई दाराच्या आत उभी होती. उंबऱ्याच्या अलीकडं अख्खं गाव जेवत होतं, तिनंच रांधलेलं. तिच्याच लेकीची हळद होती. तिला हाताला धरून बाहेर का आणलं नाही एकानंही? याचं स्पष्टीकरण कुणाकडं असेल तर ते आधी द्या. पिक्सेलचं मग बघू.